बा टेक्ला थांबल्या की सगळे थांबतात

उद्या सकाळी सहा वाजता बा टेक्ला त्रेचाळीस मुलांना ट्रकमधून धरणावर घेऊन जाणार आहेत आणि त्या त्रेचाळिसांत माझा मुलगा चिशिम्बा आहे. त्याची पिशवी दाराशी भरून ठेवली आहे. तो आणि त्याची धाकटी बहीण केव्हाच झोपली. नवरा खाणीत रात्रपाळीला गेला आहे. मी जागी आहे, कारण गेल्या शनिवारपासून एकच चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बा टेक्ला डांबरी रस्त्याच्या मधोमध उभ्या आहेत, शिट्टी तोंडातून सुटून गळ्यातल्या दोरीला लोंबते आहे, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत आहेत. डोळे सताड उघडे आहेत आणि त्या डोळ्यांत कोणी नाही.

आमच्या चिबोटे वसाहतीत बा टेक्ला न्सोफ्वा कोण, हे विचारावं लागत नाही; नावाआधी मानाचं ‘बा’ सगळेच लावतात. ज्यांना त्यांनी मैदानावर पळवलं नाही अशी तिशीच्या आतली माणसं इथे थोडीच असतील. वय शेहेचाळीस. अंगाने काटकुळ्या, पोटऱ्या मात्र सायकलवाल्यासारख्या. पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, खेळायची विजार आणि तिच्यावर गुंडाळलेलं चितेंगेचं छापील कापड. वडील खाणीत भूगर्भात काम करायचे. खाणीच्या धावण्याच्या संघात त्या लहानपणी होत्या, आणि किट्वेला एकदा चारशे मीटरमध्ये पहिल्या आल्या होत्या, असं लोक सांगतात. त्या स्वतः कधी सांगत नाहीत. लग्न झालं, मोडलं, मूल झालं नाही. सकाळी चर्चच्या बालवाडीत शिकवतात आणि शनिवारी दुपारी मैदानावर असतात. अठरा वर्षं हा नेम चालू आहे.

त्यांच्या मैदानावर चेंडू नसतो. नवीन फादर कलुम्बा आले तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकाने दोन फुटबॉल आणून दिले होते. बा टेक्लांनी ते शाळेला देऊन टाकले. म्हणाल्या, "फादर, चेंडू आला की बारा जण खेळतात आणि तीस जण बघत बसतात. मला बघणारे नकोत." त्यांचे खेळ सगळे पळायचे. शिवाशिवी, साखळी, कोंबडी आणि घार, मगरीची नदी. चार वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांचा मिसरूड फुटलेला मुलगा एकाच डावात. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचा आवाज पोचतो.

"काय रे म्वेल्वा, पाय भाड्याने आणलेस का? संध्याकाळी परत करायचेत?"

"ए लांबटांग्या, लहानांना धरून काय शेखी मिरवतोस? माझ्या मागे लाग!"

आणि खरंच तो लागायचा, आणि त्या त्याच्या हाती लागायच्या नाहीत.

इथे मला बाना चिशिम्बा, चिशिम्बाची आई, म्हणतात. हा माझा चिशिम्बा सात वर्षांचा होईपर्यंत बोलताना इतका अडखळायचा की पुढे पुढे त्याने बोलणंच सोडलं. मुलं त्याची नक्कल करायची. मी त्याला मैदानावर नेलं तेव्हा तो माझ्या चितेंगेचं टोक सोडेना. बा टेक्लांनी त्याला कुरवाळलं नाही की त्या गोड बोलल्या नाहीत. खाली वाकून फक्त विचारलं, "तुला बोलता येत नाही म्हणे?" मला राग आला. तो मान खाली घालून उभा. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "घार कुठे बोलते? घार झडप घालते. आज राज्य तुझ्यावर. तू घार." त्या दुपारी त्याने अकरा पिल्लं धरली. घरी आल्यावर ती अकराही नावं त्याने मला सांगितली. अडखळत, पण सगळी. त्या दिवसापासून मी या बाईची ऋणी आहे. पुढे जे लिहिते आहे ते म्हणूनच लिहिणं जड जातं आहे.

झाडाचा खेळ तीन वर्षांपूर्वी आला. बा टेक्ला दोन आठवडे मान्साला बहिणीकडे गेल्या होत्या. अठरा वर्षांत तेवढाच त्यांचा खाडा. परत आल्या त्या हा खेळ घेऊन. नियम सोपा. पळापळ चालू असताना बा टेक्ला केव्हाही एकदम थांबतील, झाड होतील. त्या झाड झाल्या की सगळ्यांनी होतं त्या जागी झाड व्हायचं. एक पाय वर असेल तर वरच. कोणी हाक मारली, कोणी खडा मारला, तरी हलायचं नाही. शिट्टी वाजली की रान सुटतं. जो आधी हलला तो बाद.

मुलांना या खेळाचं वेड लागलं. कधी थांबतील याचा अंदाज येत नाही यातच मजा होती. चाळीस मुलं आरडाओरडा करत धावत असतात आणि एका क्षणात मैदानावर फक्त धूळ खाली बसताना दिसते. पाहुणे आले की फादर त्यांना मुद्दाम हे दाखवायला न्यायचे. चर्चच्या समितीचे अध्यक्ष बा कबासो तर भाषणात सांगायचे, "आमच्याकडे छडी नाही आणि ओरडणं नाही, तरी शिस्त बघा." मीही टाळ्या वाजवल्या आहेत.

गेल्या शनिवारी पाणी द्यायची पाळी माझी होती. आमच्यात आया आळीपाळीने मुन्कोयोची, मक्याच्या आंबूस पेयाची, बादली घेऊन मुलांबरोबर जातात. चर्च रस्त्याच्या अलीकडे आणि मैदान पलीकडे. रस्ता सरहद्दीकडे जातो, तांब्याच्या पत्र्यांनी लादलेले मोठे ट्रक दिवसभर चालू असतात. रस्ता ओलांडण्याची बा टेक्लांची पद्धत ठरलेली आहे. आधी दोन्हीकडे पाहायचं, मग मधोमध जाऊन हात पसरून उभं राहायचं. मुलं त्यांच्या पाठीमागून पळत पलीकडे जातात. मी बादली डोक्यावर घेऊन शेवटी उभी होते.

निम्मी मुलं पलीकडे गेली होती. एकोणीस जण डांबरावर होते, नंतर मी मोजले. बा टेक्लांचे हात हळूहळू खाली आले आणि त्या थांबल्या.

आणि सगळे थांबले.

मला वाटलं, ही काय चेष्टा, रस्त्यावर? मग चढावरून ट्रक उतरताना दिसला. मी ओरडले, "पळा! अरे पळा!" एकही मूल हललं नाही. चिशिम्बा माझ्यापासून दहा पावलांवर होता, एक टाच उचललेली. त्याने फक्त बुबुळं माझ्याकडे वळवली, आणि त्यांत भीती नव्हती, विनवणी होती. मला बाद करू नकोस, अशी. ट्रकने भोंगा वाजवला, लांबलचक. मी बादली टाकून धावले आणि दोन मुलींना दंड धरून ओढलं, तर त्या माझ्यावरच चिडल्या. ब्रेक किंचाळले. ट्रक तिरका होऊन कडेच्या मातीत घुसला आणि सर्वांत पुढच्या मुलापासून दोन हातांवर उभा राहिला. तापलेल्या रबराचा वास आला.

तेव्हा बा टेक्लांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. छातीवरच्या शिट्टीकडे असं पाहिलं जणू ती दुसऱ्याची आहे. मग वाजवली. मुलं खिदळत पलीकडे पळाली.

ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला. "बाई, डोकं फिरलंय का? ही पोरं आहेत की खांब?" कडेला टोमॅटो विकणाऱ्या बायका हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "मायो! आमची पोरं ताटावरसुद्धा एवढी बसत नाहीत!" बा कबासो मागून येत होते, त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात शिस्त!"

बा टेक्ला माझ्याजवळ आल्या. हळूच विचारलं, "बाना चिशिम्बा, सगळी आली ना पलीकडे?"

अठरा वर्षांत त्यांनी हे कोणाला विचारलेलं नाही. त्या मोजून नेतात आणि मोजून आणतात. मग त्यांनी चितेंगे सोडून पुन्हा घट्ट, खालपर्यंत गुंडाळलं. त्याआधी विजारीवरचा ओला डाग मी पाहिला होता.

मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते. हा आजार काय आहे ते मला पुस्तकातून ठाऊक आहे. पण ओठांची ती हालचाल मी पुस्तकाच्या आधी पाहिली आहे. वसतिगृहात आमच्याबरोबर मोनिका नावाची मुलगी होती, तिला फेफरं यायचं. तिचं ताट वेगळं, कप वेगळा, तिची चटई दारापाशी. तोंडाचा फेस लागला की आपल्यालाही होतं, असं सगळ्याजणी मानायच्या. एका संध्याकाळी मक्याच्या पिठाचं नशिमा शिजवायच्या चुलीजवळ ती पडली आणि तिचा हात निखाऱ्यांत गेला. आम्ही सोळा मुली गोल करून उभ्या होतो. कोणी तिला ओढलं नाही. मीही नाही. स्वयंपाकीण पाण्याची कळशी घेऊन आली तोवर वास सुटला होता.

इथे चिबोटेतही लोक आजही तेच मानतात. मला शनिवारी कोणाला काही सांगायचं धैर्य झालं नाही ते त्यामुळेच. सांगितलं असतं तर सोमवारी बालवाडी रिकामी झाली असती.

मंगळवारी मी त्यांच्या घरी गेले. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"या, बाना चिशिम्बा. शाळेला सुट्टी दिलीत का सरकारने?"

"सुटली शाळा. तुमच्याकडेच आले."

"मग बसा. हात मोकळे ठेवू नका, शेंगा घ्या."

मी टोपली पुढे ओढली. दोन-चार शेंगा फोडल्या आणि विचारलं, "बा टेक्ला, किती दिवस झाले हे?"

त्यांचा हात थांबला. दचकून मी चेहऱ्याकडे पाहिलं. पण या वेळी त्या आपण होऊन थांबल्या होत्या.

"कोणाला बोललात?"

"कोणालाच नाही. नवऱ्यालाही नाही."

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "मान्साला बहीण वगैरे काही नाही हो मला. किट्वेला दवाखान्यात होते. इथल्या दवाखान्यातली सिस्टर आपल्याच चर्चमध्ये गाते, तिच्याकडे कशी जाणार?"

"गोळ्या आहेत ना?"

"आहेत. रोज घेते. शुक्रवार-शनिवार सोडून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सोडून?"

"गोळी घेतली की पाय ओल्या मातीचे होतात. जीभ जड होते. माझ्याच्याने पळवत नाही. आणि मी पळाले नाही तर मुलं का पळतील?"

"अहो, पण मधेच सोडली तर जास्त जोरात येतं. शनिवारीच येणार ते. तुम्हीच त्याला शनिवारचं आमंत्रण देताय!"

"शाळेतल्या बाई बोलल्या," त्या हसून म्हणाल्या. मग हसू गेलं. "पहिल्यांदा झालं तेव्हा मैदानावर होते. मुलं घाबरली, वाट फुटेल तिकडे पळाली. म्वेल्वाची धाकटी बहीण एकटी रस्ता ओलांडून घरी गेली, पाच वर्षांची पोर. ते मला नंतर कळलं. म्हणून झाडाचा खेळ काढला. मी परत येईपर्यंत मुलं जिथल्या तिथे राहायला हवीत. बाकी काही नाही."

तीन वर्षं ज्याला आम्ही शिस्त म्हणत होतो ती या बाईने स्वतःच्या नसण्याभोवती बांधलेली भिंत होती. आणि ती इतकी पक्की झाली होती की ट्रक आला तरी कोणी ओलांडत नव्हतं.

"फादरना सांगा," मी म्हटलं. "तुम्ही स्वतः सांगा."

"सांगते. धरणाचं होऊ द्या. नऊ चर्चची मुलं येणार आहेत, बिशपांकडची माणसं येणार आहेत. त्यांना हा खेळ बघायचाय. एवढा एक शनिवार द्या मला, बाना चिशिम्बा. रविवारी मिस्सा झाली की मी स्वतः फादरांच्या दारात जाते."

"गोळ्या घ्याल?"

"घेईन."

"शपथ?"

"अहो, मी काय बालवाडीतली आहे? घेईन म्हटलं ना!" त्यांनी माझ्या ओंजळीत शेंगदाणे ओतले. मी शब्द दिला. त्यांच्याच कपातून पाणी प्यायले आणि घरी आले. रस्ताभर स्वतःला सांगत राहिले की मी समजूतदारपणा केला.

आज संध्याकाळी चिशिम्बा जेवताना बोलत होता. हल्ली तो थांबतच नाही.

"आई, उद्या आम्ही पाण्यात झाड खेळणार."

"पाण्यात कशाला?"

"बिशपांच्या लोकांना दाखवायला. लहानांनी घोट्यापर्यंत, आम्ही गुडघ्यापर्यंत. बा टेक्ला सगळ्यांच्या पुढे, कमरेपर्यंत. त्या झाड झाल्या की पाणीसुद्धा हलता कामा नये."

माझा घास हातातच राहिला. आवाज साधा ठेवून विचारलं, "आणि बा टेक्लांचा पाय घसरला, त्या पडल्या तर?"

"पडल्या तरी हलायचं नाही." हे मला कसं ठाऊक नाही, असा त्याचा सूर होता. "काल सरावाला पडल्या ना. मैदानावर."

"पडल्या?"

"अशा." तो चटईवर आडवा झाला, हातपाय ताठ केले आणि अंग हलवून दाखवलं. "झाड तुटलं की असंच होतं. आम्ही कोणीच हललो नाही. म्वेल्वाच्या नाकावर माशी बसली होती, तरी नाही! मी मनात मोजत होतो. दोनशेच्या वर गेलो."

"मग?"

"मग उठल्या. तोंड पुसलं. बराच वेळ बसून राहिल्या, मग म्हणाल्या, शाबास. आजपासून हाही नियम, झाड पडलं तरी रानाने हलायचं नाही." तो उठून बसला आणि पुन्हा जेवू लागला. "ए आई, मासे वाढ ना अजून."

काल म्हणजे गुरुवार. गुरुवारी त्या गोळी घेतात, असं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे एक तर गोळ्या आता पुरत नाहीत, नाहीतर उद्या पाय हलके राहावेत म्हणून त्यांनी आधीच सोडल्या आहेत. आणि उद्या शनिवार आहे.

तेव्हापासून मी या टेबलाशी आहे. पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते. चिशिम्बाला ताप आहे म्हणून कळवावं आणि घरी ठेवावं. मग बेचाळीस उरतात. दुसरा विचार, आपणच बरोबर जावं. पण मी रस्त्यावर बरोबरच होते की. मी ओरडले, कोणी ऐकलं नाही. उद्या पाण्यात त्या उपड्या पडतील आणि त्रेचाळीस मुलं पाण्यात उभी राहून मनात मोजत राहतील. काठावर बा कबासो टाळ्या वाजवतील. नऊ चर्चची माणसं म्हणतील, वा! एखादी माशी कोणाच्या नाकावर बसेल. दोनशेच्या पुढे आकडा जाईल आणि शिट्टी वाजणार नाही. आणि माझा मुलगा जन्मभर लक्षात ठेवील की तो हलला नव्हता. ते लक्षात ठेवणं काय असतं, ते मला माहीत आहे.

बा टेक्लांनाच फोन करावा, असं पुन्हा पुन्हा वाटतं. पाठीमागून सांगणं बरं नव्हे. पण मी दोनदा त्यांचं नाव काढलं आणि दोनदा फोन खाली ठेवला. त्या हसून काहीतरी म्हणतील, मी हो म्हणेन, आणि सहा वाजतील.

म्हणून फोन फादर कलुम्बांना करायचा. काय होईल ते मला दिसतं आहे. ते समितीला सांगतील, समितीतले आपापल्या बायकांना सांगतील, आणि रविवारच्या मिस्सेत बा टेक्लांच्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहील. मी त्यांना हेही सांगणार आहे की हे लागत नाही, मी त्यांच्या कपातून पाणी प्यायले आहे, माझी धाकटी सोमवारी सात वाजता त्यांच्याच बालवाडीत असेल. ते ऐकतील की नाही, कोण जाणे. बा टेक्ला माझ्याशी पुन्हा बोलतील असं वाटत नाही. शब्द दिला होता, तो मी मोडते आहे.

सव्वाबारा वाजले आहेत. फादर झोपले असतील, पहिल्या फोनला उचलणार नाहीत. उचलेपर्यंत करत राहीन. मुलांचा ट्रक सुटायला पावणेसहा तास आहेत आणि पहिलं वाक्य मी ठरवलं आहे. फादर, उद्या मुलांना पाण्यात उतरवू नका, आणि बा टेक्लांना तर मुळीच नाही.